लक्ष्याचा कर्ता : रस्त्यावरील मृत्यू घटविण्याची राष्ट्रीय लक्ष्ये आणि धाराशिव जिल्हा

प्रस्तुत विवेचनात तीन संज्ञा वारंवार येतील. त्यांचे अर्थ आरंभीच निश्चित केले नाहीत तर पुढील प्रत्येक विधान द्व्यर्थी ठरेल.

पहिली संज्ञा 'रस्ते-अपघाती मृत्यू'. रस्त्यावर वाहनाच्या संबंधाने झालेल्या आघातामुळे तीस दिवसांच्या आत ओढवलेला मृत्यू, हा तिचा सांख्यिकीय अर्थ. एकतिसाव्या दिवशी दगावलेली व्यक्ती या गणनेत जखमीच राहते. मर्यादा कृत्रिम आहे. परंतु देशादेशांची तुलना शक्य व्हावी म्हणून ती स्वीकारलेली आहे, आणि दुसरी कोणतीही मर्यादा तितकीच कृत्रिम ठरली असती. दुसरी संज्ञा 'अपघात'. या शब्दाला आकस्मिकतेची छटा आहे, आणि जे आकस्मिक आहे त्याला लक्ष्य लावता येत नाही. म्हणून येथे भेद करावा लागतो : एकेक घटना आकस्मिक असते, घटनासमूहाची वारंवारता मात्र कारणबद्ध असते. लक्ष्य या वारंवारतेला लागू होते. तिसरी संज्ञा 'लक्ष्य'. 'रस्ते सुरक्षित व्हावेत' हा हेतू होय. 'मृत्यू कमी करावेत' हे उद्दिष्ट होय. 'अमुक वर्षाच्या तुलनेत, अमुक वर्षापर्यंत, अमुक मापाने मोजलेले मृत्यू, अमुक प्रमाणात, अमुकाने कमी करावेत' हे लक्ष्य होय. यावरून लक्ष्याची पाच अंगे निष्पन्न होतात : परिमाण, आधारवर्ष, अवधी, मापक आणि कर्ता. एखादे अंग गळाले की लक्ष्य उद्दिष्टाच्या पातळीवर उतरते. दोन-तीन गळाली की केवळ हेतू शिल्लक राहतो.

भारतातील लक्ष्यांत परिमाण व अवधी ही अंगे सुस्पष्ट असतात, आधारवर्ष संदिग्ध असते, मापक सदोष असतो आणि कर्ता बहुधा अनुपस्थित असतो, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे. कर्त्याचा शोध घेत गेल्यास तो जिल्ह्यापाशी येऊन थांबतो. म्हणून उदाहरणासाठी धाराशिव जिल्हा घेतला आहे.

राष्ट्रीय लक्ष्यांचा इतिहास तीन टप्प्यांचा आहे. पहिला टप्पा राष्ट्रीय रस्ता सुरक्षा धोरणाचा. एस. सुंदर समितीच्या अहवालावर आधारलेले हे धोरण केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०१० मध्ये मंजूर केले. त्यात जनजागृती, माहितीसंकलन, सुरक्षित वाहने, अपघातोत्तर उपचार यांविषयी संकल्प आहेत; आकडा नाही. वरील व्याख्येनुसार तो हेतू होय. दुसरा टप्पा संयुक्त राष्ट्रांच्या २०११–२०२० या कृतिदशकाचा. शाश्वत विकास ध्येयांतील ३.६ क्रमांकाच्या लक्ष्याने २०२० पर्यंत मृत्यू निम्मे करण्याचे ठरविले आणि नोव्हेंबर २०१५ च्या ब्राझिलिया जाहीरनाम्यात भारत त्याला बांधील झाला. या लक्ष्याची शब्दयोजना तपासण्यासारखी आहे : त्यात निम्मे करावयाचे आहेत ते जगातील मृत्यू. कोणत्या देशाने किती, हे त्यात नाही. म्हणजे कर्त्याचे अंग मूळ विधानातच रिक्त होते. तिसरा टप्पा २०२१–२०३० या दुसऱ्या दशकाचा. परिमाण तेच, किमान पन्नास टक्के. अवधी दहा वर्षांनी पुढे. मधल्या काळात देशांतर्गत घोषणांत निम्म्याची मुदत २०२४ पर्यंत अलीकडे आणली गेली. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी लोकसभेत अपयश मान्य केले : मृत्यू घटण्याऐवजी वाढले होते. मंत्र्याने सभागृहात असे सरळ सांगणे दुर्मीळ आहे, एवढे नोंदवून पुढे जाऊ.

आता अंगांची परीक्षा. आधारवर्षाचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, परंतु परिणाम त्यावरच ठरतो. केंद्रीय मंत्रालयाच्या प्रकाशनांनुसार देशातील मृत्यू २०१० मध्ये १,३४,५१३ होते, २०१५ मध्ये १,४६,१३३, २०२१ मध्ये १,५३,९७२ आणि २०२२ मध्ये १,६८,४९१. २०२३ चा आकडा १.७२ लाखांच्या वर आहे. २०२१ हे महासाथीच्या निर्बंधांनी अंशतः दबलेले वर्ष. तेच आधार मानल्यास २०३० मध्ये सुमारे ७७,००० ही मर्यादा येते. दशकाच्या आरंभापासून समान गतीने घट झाली असती तर दरवर्षी ७.४ टक्के पुरले असते, कारण तेवढी घट नऊ वेळा झाली की निम्मे उरते. आकडा २०२३ पर्यंत चढत गेल्यामुळे उर्वरित सात वर्षांत दरवर्षी जवळपास ११ टक्के घट आवश्यक झाली. विलंब झालेल्या लक्ष्यात उरलेले काम केवळ तेवढेच राहत नाही, ते वाढते.

मापकाचा दोष अधिक गंभीर आहे. त्याचे दोन प्रकार संभवतात : नोंद न होणे आणि नोंद बदलणे. पहिल्या प्रकाराचे प्रमाण म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज. २०१६ साठी भारताची अधिकृत संख्या १,५०,७८५ होती. संघटनेने २०१८ च्या अहवालात त्याच वर्षासाठी २,९९,०९१ हा अंदाज दिला. दोहोंतील अंतर स्वतःच जवळपास एका 'निम्म्या' एवढे आहे. दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण तमिळनाडूचे. त्या राज्यातील मृत्यू २०१८ मध्ये १२,२१६ वर आल्याचे प्रसिद्ध झाले आणि तो देशभर अनुकरणीय आदर्श म्हणून मांडला गेला. पुढील अहवालांत त्याच वर्षाची संख्या १८,३९२ अशी सुधारली गेली. फरक ६,१७६. राष्ट्रीय बेरीजही त्या वर्षासाठी १,५१,४१७ वरून १,५७,५९३ झाली; फरक पुन्हा ६,१७६. यातून कोणाच्या हेतूविषयी अनुमान काढण्याचे कारण नाही. अनुमान एवढेच निघते की, ज्या यंत्रणेच्या यशाचे माप तिच्याच नोंदवहीतून घेतले जाते, तेथे लक्ष्याचा पहिला दाब रस्त्यावर न पडता नोंदवहीवर पडू शकतो.

धाराशिव जिल्ह्यात हा दोष कोणत्या मार्गाने शिरू शकतो, हे पाहता येते. उमरगा तालुक्यात आघात झाला, जखमीला सोलापूरला हलविले, सहाव्या दिवशी तेथे मृत्यू झाला, असे मानू. गुन्हा उमरग्यात नोंदलेला आहे, तो दुखापतीचा; मृत्यूची खबर सोलापूरच्या ठाण्यात, आकस्मिक मृत्यू म्हणून. कागद मूळ ठाण्याकडे परतला, कलम वाढले आणि मासिक तक्त्यातील 'जखमी' हा रकाना दुरुस्त झाला, तरच तो मृत्यू जिल्ह्याच्या गणनेत येतो. तीन क्रियांपैकी एक राहिली तरी न्यायालयीन प्रकरण पूर्ण होऊ शकते आणि सांख्यिकी मात्र अपूर्ण राहते. २०२१ पासून सुरू झालेल्या एकात्मिक रस्ते अपघात माहितीकोशात महाराष्ट्र आरंभीच्या सहा राज्यांत होता. त्या कोशात पोलीस, परिवहन, रस्ते आणि आरोग्य या चार विभागांच्या नोंदी एकाच घटनेखाली येणे अपेक्षित आहे. ही साखळी जोडण्याचे साधन म्हणून त्याचे मूल्य आहे.

पाचवे अंग कर्ता. येथे विवेचन मंद गतीने करणे इष्ट.

कर्ता म्हणजे ज्याच्या हाती कारण आहे तो. मृत्यूच्या कारणांचे नियंत्रण एका हाती नाही. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचे, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे, ग्रामीण रस्ते बव्हंशी जिल्हा परिषदेचे. वाहनाची योग्यता परिवहन कार्यालयाकडे. चालकाचे वर्तन पोलिसांकडे. जखमीचा जीव आरोग्य विभागाकडे. लक्ष्य 'देशाचे' असेल आणि कारणे सहा दप्तरांत विभागलेली असतील, तर अपयश कोणाचेच ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एस. राजशेखरन यांच्या याचिकेत २०१४ साली न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांची समिती नेमली आणि ३० नोव्हेंबर २०१७ च्या निकालात राज्यांना सुरक्षा धोरण, अग्रणी यंत्रणा, स्वतंत्र निधी व जिल्हा रस्ता सुरक्षा समित्या स्थापण्याचे निर्देश दिले. त्याचा आशय हाच होता की कर्ता निर्माण करावा. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने सदोष रचनेसाठी रस्ते बांधणाऱ्या व सांभाळणाऱ्या संस्थांवरही दायित्व टाकले. दंडाची कमाल मर्यादा मात्र एक लाख रुपये. महामार्गाच्या कंत्राटाच्या मानाने ती प्रतीकात्मकच आहे.

या भूप्रदेशाला कर्ता निर्माण होण्याचा एक अनुभव आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (म्हणजे आजचा धाराशिव) या दोन जिल्ह्यांत अधिकृत गणनेनुसार सुमारे ७,९०० माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर स्वतंत्र पुनर्वसन कार्यक्रम आला, जागतिक बँकेचे कर्ज आले, लोहारा-उमरगा भागातील गावे नव्या जागी वसली. २०२२ या एका वर्षात महाराष्ट्रातील रस्त्यांवर १५,२२४ मृत्यू झाले. संख्या जवळपास दुप्पट असूनही तसा कार्यक्रम उभा राहिला नाही. भेद संख्येचा नसून विखुरण्याचा आहे. एका पहाटे, एका पट्ट्यात झालेले मृत्यू कर्त्याला जन्म देतात; वर्षभर, सर्व फाट्यांवर वाटले गेलेले मृत्यू देत नाहीत.

आणखी एक निरीक्षण येथेच. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात महाराष्ट्रातील चार जिल्हे निवडले गेले. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि उस्मानाबाद. ४९ निर्देशकांवर जिल्ह्याची नियतकालिक मोजणी सुरू झाली. बारमाही रस्त्यांनी जोडलेल्या वस्त्या त्या निर्देशकांत आहेत. त्या रस्त्यांवर किती माणसे मेली हे नाही. रस्ता हे साध्य मानले गेले आणि त्याचा परिणाम मोजमापाबाहेर राहिला.

आता जिल्ह्याचे स्वरूप. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १६,५७,५७६, तालुके आठ. त्यावरून जाणारे रस्ते धोक्याच्या दृष्टीने तीन वर्गांत पडतात. पहिला वर्ग दूरगामी महामार्ग : धुळे–सोलापूर मार्गाचा, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ५२ चा, पारगाव, तेरखेडा, येरमाळा, येडशी, धाराशिव, तुळजापूर, तामलवाडी हा भाग, आणि पुणे–हैदराबाद मार्गाचा, म्हणजे महामार्ग ६५ चा, नळदुर्ग, अणदूर, जळकोट, येणेगूर, उमरगा हा भाग. दुसरा वर्ग आंतरजिल्हा रस्ते : बार्शी–येडशी–लातूर, तुळजापूर–औसा. तिसरा वर्ग गावरस्ते. या वर्गांतील संबंधाचे नाव मराठीत सिद्ध आहे, ते 'फाटा'. गाव आत, महामार्ग बाहेर आणि दोहोंचा संधी म्हणजे फाटा. तेथे चहाची टपरी असते, काळी-पिवळी थांबते, शाळेची मुले एसटीची वाट पाहतात. अभियंत्याच्या आराखड्यात हा केवळ छेदबिंदू असतो. वस्तुतः ते गावाचे बसस्थानक, बाजार आणि चावडी असे तिन्ही असते.

चौपदरीकरणाने फाट्याचे स्वरूप बदलते, आणि हा बदल समजल्याशिवाय जिल्ह्याचे लक्ष्य ठरविता येणार नाही. दुभाजकामुळे समोरासमोरची धडक घटते. हा लाभ निर्विवाद आहे. परंतु दुभाजकाने गावाचे शिवारही दुभागले जाते. वळणाची अधिकृत जागा दोन किलोमीटरवर असेल तर दुचाकीस्वारापुढे तीन पर्याय राहतात : दोन किलोमीटर पुढे जाऊन परतणे, उलट दिशेने जाणे, किंवा दुभाजक फोडून केलेल्या फटीतून निघणे. पहिल्या पर्यायाला जादा पेट्रोल लागते, दुसऱ्या-तिसऱ्याला लागत नाही. यास बेशिस्त म्हणून सोडून देणे सोपे आहे. विवेचनाच्या दृष्टीने तो रचनेने ठरविलेला आणि म्हणून पूर्वानुमेय वर्तनप्रकार आहे. पूर्वानुमेय चुकीची किंमत मृत्यू असू नये, या तत्त्वावर स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये 'शून्य दृष्टी' हे धोरण स्वीकारले. त्यात दायित्व प्रथम रस्त्याची रचना करणाऱ्यावर येते.

दुसरा विशेष ऋतूचा. ऊसगाळपाच्या काळात, स्थूलमानाने कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत, ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या आणि टायरच्या बैलगाड्या रात्री याच रस्त्यांवर असतात. वेग ताशी पंधरा-वीस किलोमीटर. मागच्या ट्रॉलीचा दिवा उसाच्या पाचटाआड जातो. मागून ताशी ऐंशीने येणारे वाहन आणि ट्रॉली यांच्या वेगांत ताशी किमान साठ किलोमीटरचा फरक पडतो. हा वेगभेदच घातक कारण होय. येथे कर्ता कोण? ट्रॉलीचा मालक, वाहतूक ठेकेदार, कारखाना आणि परिवहन कार्यालय असे चार पर्याय आहेत. नियमाचा भंग पहिल्याकडून होतो, पण ऊस कारखान्याच्या वजनकाट्यावर आल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. म्हणून नियंत्रण जेथे एकवटते ती जागा काटा होय. परावर्तक पट्टी नसलेल्या ट्रॉलीचे वजन न करणे ही एक कृती, आणि ती कृती करणारा गणनीय. अशा ठिकाणीच कर्त्याचे अंग भरले जाते.

अपघातोत्तर टप्प्याचे गणित अंतराचे आहे. कायद्याने 'सुवर्ण तास' म्हणजे आघातानंतरचा एक तास असे म्हटले आहे. उमरग्याहून सोलापूर सुमारे नव्वद किलोमीटर. रुग्णवाहिका येणे, जखमीला उचलणे आणि हे अंतर कापणे एका तासात बसत नाही. म्हणून सोलापूरला पोहोचविणे हे सुवर्ण तासाचे लक्ष्य होऊच शकत नाही. उमरगा किंवा नळदुर्ग येथेच रक्तस्राव थांबवून श्वासमार्ग मोकळा करणे हेच त्या तासाचे लक्ष्य होऊ शकते. धाराशिवला २०२२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने जिल्ह्याच्या मध्यभागातील अंतर घटले. दक्षिण टोकाचे अंतर घटलेले नाही.

येथपर्यंत कर्ता जिल्हापातळीवर सापडू शकतो हे सिद्ध झाले. परंतु याच पातळीवर नवी अडचण उद्भवते, ती मापकाची. समजा एखाद्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी १०० मृत्यू होतात. परिस्थितीत काहीही बदल न होता केवळ यदृच्छेने ही संख्या तीनपैकी दोन वर्षे ९० ते ११० यांच्या दरम्यान फिरेल, आणि तिसऱ्या वर्षी त्याही बाहेर जाईल. राज्यांपुढे ठेवले गेलेले वार्षिक लक्ष्य दहा टक्के घटीचे. म्हणजे जिल्ह्याने काहीच न करता लक्ष्य गाठणे शक्य आहे, आणि सर्व काही करूनही ते चुकणे शक्य आहे. एकेका ठिकाणी ही अडचण तीव्र होते. महामार्गावरील पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात किंवा दहा मृत्यू झाले की तो 'ब्लॅक स्पॉट' ठरतो. तीन अशुभ वर्षांनंतर चौथे वर्ष कमी अशुभ असण्याचा संभव मुळातच अधिक. फलक लावला तरी आकडा उतरतो, न लावला तरी उतरतो. श्रेय फलकाला मिळते.

म्हणून जिल्ह्याचे लक्ष्य मृत्यूंच्या संख्येत न मांडता मृत्यूंच्या कारणांत मांडावे लागते. यांना मध्यवर्ती लक्ष्ये म्हणू. त्यांचे सामर्थ्य किती, हे अंकांनी पाहता येते. २०२२ मध्ये देशात दुचाकीवरील मृत ७४,८९७ होते आणि हेल्मेट न घातलेले मृत ५०,०२९. हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी घटतो, असे संशोधनांच्या एकत्रित परीक्षणातून निघाले आहे. ते प्रमाण लावल्यास सर्वांनी हेल्मेट घातले असते तर सुमारे २१,००० मृत्यू टळले असते. एकूण मृत्यूंचा आठवा भाग. दुसरे कारण वेग. स्वीडिश संशोधक नील्सन यांच्या नियमानुसार प्राणघातक अपघात सरासरी वेगाच्या चतुर्थ घाताने बदलतात. सरासरी वेग पाच टक्क्यांनी उतरला तर ते सुमारे अठरा टक्क्यांनी घटतात. दोन्ही उपाय पूर्ण साधले तरी संयुक्त घट तीस टक्क्यांच्या आत राहते. निम्म्यापर्यंतचे उर्वरित अंतर रचना आणि उपचार यांनीच कापावे लागेल. म्हणजे केवळ चालकाला उद्देशून असलेला कार्यक्रम, तो संपूर्ण यशस्वी झाला तरीही, घोषित लक्ष्य गाठू शकत नाही. शाळांतील चित्रकला स्पर्धा आणि जानेवारीतील सुरक्षा अभियान यांविषयी येथे अधिक लिहिण्याची गरज नाही.

या मांडणीस प्रत्यक्षाचा आधार मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाचा आहे. सुमारे ९५ किलोमीटरच्या त्या मार्गावर २०१६ मध्ये १५१ मृत्यू झाले. त्याच वर्षी 'शून्य मृत्यू मार्ग' हा प्रयोग सुरू झाला. २०१८ मध्ये ११० आणि २०२० मध्ये ६६ मृत्यू नोंदले गेले. शेवटचे वर्ष टाळेबंदीचे असल्याने त्याला पूर्ण वजन देऊ नये. तथापि रस्त्याचा एक मालक, ठरलेली पोलीस यंत्रणा, प्रत्येक आघाताची तांत्रिक चौकशी आणि कठड्याच्या टोकापासून थांबलेल्या ट्रकपर्यंत प्रत्येक कारणाचा निश्चित कर्ता, ही रचना तेथे होती. पारगाव ते तामलवाडी हा भागही एका प्रकारच्या रस्त्याचा, एका जिल्ह्यातला, एका पोलीस अधीक्षकाच्या हद्दीतला आहे. तत्त्वतः तो तसाच एकक होऊ शकतो. फरक फाट्यांचा : द्रुतगती मार्गाला फाटे नाहीत.

जिल्हा समितीच्या तक्त्यात मग पुढील रकाने संभवतात : येरमाळा व येडशी येथे यंत्राने मोजलेला सरासरी वेग, तुळजापूर नाक्यावर एका ठरलेल्या तासात हेल्मेटधारी दुचाकीस्वारांचे प्रमाण, दुभाजकातील अनधिकृत फटी, त्यांची ठिकाणे आणि त्या प्रत्येक ठिकाणी अधिकृत वळण वा भुयारी मार्ग देण्याचा दिनांक, परावर्तकाविना काट्यावर आलेल्या ट्रॉल्या, खबर मिळाल्यापासून रुग्णवाहिका पोहोचेपर्यंतची मिनिटे, सरासरीने नव्हे तर सर्वांत वाईट दहांश घटनांत. प्रत्येक रकान्यासमोर एका अधिकाऱ्याचे पदनाम. यांतील बहुतेक आकडे दरमहा बदलतात आणि यदृच्छेने फारसे हलत नाहीत. म्हणून बैठकीत त्यांवर प्रश्न विचारता येतो. मृत्यूंची संख्या शेवटच्या रकान्यात, तीन वर्षांच्या बेरजेने.

कर्ता ठरला की जिल्ह्यात काय होते, याचा नमुना वार्षिक आहे. कोजागरी पौर्णिमेला सोलापूर आणि कर्नाटकाच्या दिशेने लाखो भाविक तुळजाभवानीच्या दर्शनाला पायी येतात. त्यापूर्वी प्रशासन आदेश काढते. सोलापूर–तुळजापूर मार्गावरील जड वाहतूक अन्य मार्गांनी वळविली जाते, पर्यायी मार्गांची यादी प्रसिद्ध होते, ठिकठिकाणी पोलीस आणि आरोग्यपथके उभी राहतात. आदेशावर तारीख असते, वेळ असते, अधिकाऱ्याची सही असते. यात्रा संपल्यावर आदेशाची मुदत संपते आणि ट्रक पुन्हा त्याच रस्त्याने सुरू होतात. साइडपट्टीने चालणारे लोक त्या दिवशीही असतात, फक्त संख्येने थोडे.